उजव्या कानापुढचा डाग

फॉर्मवर फक्त सही राहिली होती. सिमोनने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठदाणीखाली दाबून ठेवला होता आणि वर पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, ‘मा, शनिवारच्या आत सही. विसरू नकोस. विसरशीलच.’ रोशेल दारातच बूट काढून अनवाणी आत आली. फरशी गार असेल असं तिला वाटलं होतं, पण क्लीव्हलंडच्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची फरशीसुद्धा कोमट असते. दोनला सुटायची पाळी आज पावणेतीनला सुटली होती, कारण बदलीची बाई उशिरा आली, मग बसमध्ये उभं राहावं लागलं, मग जिना. बसायच्या आधी सही करून टाकावी, एकदा बसलं की उठवणार नाही, म्हणून तिने उभ्याउभ्याच पेन उचललं. शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या फोटोचा फॉर्म. मागचा पडदा निळा की करडा, पदवीदानाची टोपी घालून एक हवा का, नाव कसं छापायचं. सिमोनने सगळं भरलं होतं. खाली एक प्रश्न होता, चेहऱ्यावरचा एखादा कायमचा डाग छापील फोटोतून काढायचा आहे का. ‘होय’च्या चौकोनात खूण. आणि पुढच्या रेघेवर सिमोनच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात, ‘उजव्या कानापुढे. लहानपणी रेडिएटरवर पडून भाजलं.’

रोशेल खुर्चीवर बसली. पेन तिच्या हातातच राहिलं. हे वाक्य तिने स्वतः किती वेळा उच्चारलं असेल. दवाखान्यातल्या नर्सला, शाळेच्या बाईंना, चर्चमध्ये विचारणाऱ्या बायकांना, स्वतःच्या आईला. बोलून बोलून ते गुळगुळीत झालं होतं, तोंडातून निघताना कुठे अडकायचं नाही. पण ते लिहिलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि लिहिलं होतं ते सिमोनने, मन लावून, ‘रेडिएटर’ची सगळी अक्षरं नीट काढून, जशी कोणी आपली जन्मतारीख लिहावी तसं. ज्या नर्सिंग होममध्ये रोशेल म्हाताऱ्यांना उठवते, पुसते, कूस बदलते, तिथे अंगावरच्या प्रत्येक डागाचा कागद असतो. कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा छापलेली असते, पुढून आणि मागून. जिथे काळंनिळं दिसेल तिथे फुली करायची आणि शेजारी कारण लिहायचं. पलंगाचा कठडा लागला. रक्त काढताना सुई बसली. कारण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं, तेही चालतं, पण खोटं लिहिलं तर नोकरी जाते. अकरा वर्षांत तिने एकही कारण खोटं लिहिलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी तर तिच्याबरोबरच्या बायका हसायच्या तिला, की एवढं काय लिहीत बसतेस, म्हातारा माणूस आहे, डाग पडणारच.

ती सकाळ ऑक्टोबरची होती आणि त्याही दिवशी फोटोच होता. पहिलीतल्या पोरांचा. सिमोन सहा वर्षांची. रोशेल तेव्हा सलग दोन पाळ्या करून सात वाजता घरी आली होती. धाकटा भाऊ लामाँट तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो त्यांच्याकडेच राहायचा, रात्री बेकरीत पाव लादायचा आणि सकाळी सिमोनला उठवून, कपडे घालून, खायला देऊन शाळेत सोडायचा. त्या दिवशी तो सोफ्यावर पालथा झोपला होता, एक बूट पायात, एक खाली. सिमोन रात्रीच्या कपड्यांत त्याच्यासमोर बसून कोरडेच कॉर्नफ्लेक्स खात होती. ‘मामा उठतच नाही,’ ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती बातमी सांगावी तसं. रोशेल भावाला हलवायला गेली नाही. उठवायलाही ताकद लागते. तिने गॅस लावला, केस सरळ करायचा, आईने दिलेला पितळी कंगवा त्यावर ठेवला, मुलीला स्टुलावर बसवलं, कानांना आणि मानेला केसांचं मलम लावलं. कंगवा तापला की आधी फडक्यावर टेकवून बघायचा, फडकं पिवळं पडलं तर थांबायचं. आईने शिकवलं होतं, आईला आजीने. त्या दिवशी तिने तो फडक्यावर टेकवलाच नाही, की टेकवून फडक्याकडे बघितलं नाही, हे तिला आजही सांगता आलं नसतं. एवढंच आठवतं की मागचे केस झाले होते, डावी बाजू झाली होती, खिडकीखाली घर उबदार ठेवणारा वाफेचा रेडिएटर हिवाळ्यातला पहिला सुस्कारा टाकत होता, आणि त्या उबेत तिचे डोळे मिटले. उभ्याउभ्या. एक श्वास, फार तर दोन. मग वास आला. केसांचा वास वेगळा असतो; हा केसांचा नव्हता.

ती किंकाळी अजून रोशेलच्या कानात आहे असं म्हणणं खोटं होईल. किंकाळी ती विसरली आहे. आठवतो तो नंतरचा नळाचा आवाज, आणि सिंकमध्ये पडलेल्या कंगव्याचा पाण्याखाली झालेला चर्र, आणि दारात उभा राहिलेला लामाँट, गालावर सोफ्याच्या विणीची नक्षी उमटलेला. ‘काय झालं? शेल, काय झालं?’ आणि तिच्या तोंडून निघालं, ‘तू झोपलास! झोपलास ना! पडली ती!’ वाक्य अर्धंच होतं. बाकीचं तिने गाडीत बसता बसता पुरं केलं. त्याच महिन्यात तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईचं पोर सरकारी लोकांनी उचलून नेलं होतं, हाताला भाजलं होतं म्हणून, आणि ती बाई रोज जेवणाच्या सुट्टीत फोन लावून रडायची. दवाखान्यात नर्सने विचारलं, कसं झालं हे, कोण होतं जवळ? नर्स वाईट नव्हती, पण तिच्या हातातही कागद होता. रोशेल म्हणाली, ‘मी बाथरूममध्ये होते. भाऊ बघत होता, त्याचा डोळा लागला. ती रेडिएटरवर पडली.’ लामाँट तिच्या मागेच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि मान खाली घातली. ‘माझी चूक आहे,’ तो नर्सला म्हणाला, ‘मी जागं राहायला हवं होतं.’ नर्सने लिहून घेतलं. सिमोनला त्या दिवशी बोलताच येत नव्हतं, आणि मग तिलाही तेच सांगितलं गेलं, पुन्हा पुन्हा, औषध लावताना, पट्टी बदलताना, इतकं की पुढच्या उन्हाळ्यात ती स्वतःच शेजाऱ्यांना रेडिएटर दाखवायला लागली, ‘हा बघा, ह्यानं मला भाजलं.’

या गुरुवारी रोशेलने फॉर्मवर सही केली नाही. चिठ्ठी तशीच ठेवली. संध्याकाळी सिमोन दुकानातल्या कामावरून आली, मीठदाणीकडे बघून म्हणाली, ‘म्हटलं नव्हतं? विसरलीस.’

‘विसरले नाही. उद्या करते.’

‘फोटो शनिवारी आहे, मा. दोन वीसला. लामाँटमामा न्यायला येतोय. मुद्दाम अ‍ॅक्रनहून येतोय तो. त्याला म्हटलं, बसनं जाईन, तर म्हणाला, फोटोच्या दिवशी बसनं जातात का कोणी, केस विस्कटतील.’ सिमोन हसली. ‘त्याला केसांचं काय कळतंय!’

लामाँट गेली दहा वर्षं तिला असंच काही ना काही देत, आणत, पोचवत असे. वाढदिवसाला सायकल, मग दुसरी सायकल, मग चष्मा. पण एकट्याने तिला घेऊन कुठे जाणं त्याने अलीकडेच सुरू केलं होतं, ती सोळाची झाल्यावर. त्याआधी कधी सिमोन त्याच्या मांडीवर चढली की तो हळूच तिला खाली उतरवायचा. घरात हा विनोदच झाला होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमले की कोणाचं तरी तान्हं बाळ या हातातून त्या हातात फिरायचं, आणि लामाँटपाशी आलं की रोशेलची आई टर्की कापायची सुरी हलवत ओरडायची, ‘त्याच्याकडे नको गं देऊ, त्याला झोप लागेल!’ सगळे हसायचे. लामाँटही हसायचा, दोन्ही हात वर करायचा, पोलिसांनी पकडल्यासारखे. रोशेल त्या वेळी नेमकी ओव्हनपाशी असायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दफनानंतर चर्चच्या पायऱ्यांवर ती दोघं बसली होती. लामाँटची डेनिस त्याला त्याच महिन्यात सोडून गेली होती. चांगली मुलगी होती, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, मोठ्याने हसायची. ‘तिला मूल हवं होतं,’ लामाँट म्हणाला, ‘मी म्हटलं, नको. ज्याला एक पोर अर्धा तास सांभाळता आलं नाही, त्यानं स्वतःचं कशाला जन्माला घालायचं?’ रोशेलने तेव्हा तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आणि मग ती म्हणाली, ‘असं बोलू नये,’ आणि आत जाऊन त्याच्यासाठी कागदी ताटात चिकन आणि चीज घातलेली मॅकरोनी घेऊन आली. त्याने सगळं खाल्लं. ती बसून बघत राहिली. तो घासागणिक ‘छान झालीय’ म्हणत होता.

शुक्रवारी दुपारी वेण्या सोडायच्या होत्या. सिमोन टेबलाशी आरसा मांडून पुढच्या बारीक वेण्या स्वतः सोडत होती, पण मागच्या तिला पोचत नव्हत्या. ‘मा, ये ना. दोन तासांत होईल.’ रोशेल पाळीवरून येऊन तशीच तिच्यामागे बसली, कंगव्याची निमुळती दांडी प्रत्येक वेणीच्या गाठीत घालून उकलत राहिली. किती वर्षांनी ही मान तिच्या हातांसमोर होती. त्या ऑक्टोबरनंतर तिने सिमोनचे केस स्वतः करणं सोडलंच. म्हणायची, माझे हात औषधाने राठ झालेत, शेजारची मिस ओडेसा छान करते, नंतर सलूनमधली मुलगी छान करते. लोकांना वाटायचं, दमते बिचारी. दमायची हे खोटं नव्हतं. खोट्यालाही असं खऱ्याचं अस्तर लागतं, त्याशिवाय ते इतकी वर्षं टिकत नाही. दांडी आत जायची, केस सुटायचे, नागमोडी, मऊ, नारळाच्या तेलाचा जुना वास येणारे. सिमोन फोनवर बोलत होती, हसत होती, मध्येच म्हणाली, ‘सगळ्या मुलींच्या खांद्यावर तेच काळं मखमली कापड गुंडाळतात, माहितेय? ब्रियाना म्हणते त्याला घामाचा वास येतो.’ रोशेल ‘हं’ म्हणाली. आता, तिला वाटलं, आता पाठ आहे तिची माझ्याकडे, चेहरा दिसत नाहीये. आता सांगितलं तर बरं. पुढची वेणी सुटली की सांगू. ती सुटली. मग तिला वाटलं, ह्या रांगेनंतर. उजव्या बाजूची शेवटची वेणी कानाच्या अगदी वर होती. तिच्याखाली, कानापुढे, कातडी अजून चकचकीत होती, रंगाने फिकी, बोटाच्या पेराएवढी, आणि तिथून केस उगवत नव्हते. सिमोन तिथे नेहमी एक बट पुढे ओढून ठेवायची. रोशेलने ती वेणी सोडली आणि उठली. पाय आखडले होते. ‘झालं?’ सिमोनने विचारलं. ‘झालं,’ ती म्हणाली आणि आडवी झाली, आणि जेवायला उठलीच नाही. सिमोनने दारातून डोकावून पाहिलं आणि पंखा तिच्याकडे वळवून ठेवला.

शनिवारी सुट्टी होती. घर अकरापासूनच आंघोळीच्या वाफेने आणि इस्त्रीच्या वासाने भरलं होतं. हँगरवर तीन ब्लाउज, एक पांढरा, एक जांभळा, आणि एक आजीचा, खांद्याला शिवून लहान केलेला. सिमोनने केस धुऊन, वाळवून मोकळे सोडले होते, डोक्याभोवती मोठे, काळेभोर. फक्त पुढची कड तिला सरळ हवी होती. तिने केस सरळ करायचा विजेचा चिमटा आणला, प्लग लावला, आरशासमोर बसली. ‘ह्या उजव्या बाजूचं तू कर. मला उलटं दिसतं आरशात. लामाँटमामा येईलच आता.’

‘मला नाही जमणार.’

‘अगं, नुसतं धरायचं आणि खाली ओढायचं.’

रोशेलने चिमटा हातात घेतला. त्याचा लाल दिवा विझून हिरवा झाला. तिने कानापुढची बट उचलली, चिमटा जवळ नेला, आणि तिचा हात हलायला लागला. आधी बोटं, मग मनगट. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं तर तोही हलायला लागला. नर्सिंग होममध्ये ह्याच हातांनी ती मरणाऱ्या माणसांची दाढी करते. सिमोनने आरशातून ते पाहिलं आणि हसत म्हणाली, ‘मा, मला रेडिएटरनं भाजलंय. तू कशाला घाबरतेयस?’

रोशेलने चिमट्याचा प्लग काढला. तो टेबलावर ठेवला, सिमोनपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला. मग ती म्हणाली, ‘रेडिएटरनं नाही.’

तिने सांगितलं. ठरवून ठेवलेली वाक्यं होती, ती आलीच नाहीत. आलं ते पाळी संपताना पुढच्या बाईला सांगतात तसं. किती वाजता, कुठल्या बाजूला, कशाने, कोण होतं, कोण नव्हतं. रडू आलं नाही. सिमोन आरशातच बघत राहिली, स्वतःकडे, मग तिच्याकडे. मग तिने बट मागे सारली आणि त्या डागावर बोट ठेवलं, जणू पहिल्यांदाच तिथे काही आहे हे कळलं. ‘मी लोकांना रेडिएटर दाखवायचे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘तू दाखवू दिलंस.’

‘हो.’

सिमोनचा खालचा ओठ थरथरला. तिने तो दातांखाली धरला, वर छताकडे बघितलं, डोळे मोठे करून, दोन्ही हातांनी चेहऱ्याला वारा घालत. ‘नाही,’ ती म्हणाली, ‘आज नाही. मी आज रडणार नाही. डोळे सुजतात माझे. वर्षभर वाट बघितलीय मी या फोटोची.’ मग तिने फॉर्म ओढला, पेन घेतलं, आणि ‘लहानपणी रेडिएटरवर पडून भाजलं’ यावर एक आडवी रेघ ओढली, मग दुसरी. ‘उजव्या कानापुढे’ एवढंच ठेवलं. रोशेल त्या ‘होय’च्या खुणेकडे बघत होती. सिमोनला ते कळलं. ‘डाग काढायचाच आहे,’ ती म्हणाली. ‘मला तो कधीच आवडला नाही. ह्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. सही कर.’

रोशेलने सही केली.

‘आता खाली जा. तो येईल एवढ्यात. मी त्याच्या गाडीत बसायच्या आधी त्याला सांग.’

‘आज? संध्याकाळी सांगते. तुझा फोटो होऊ दे. तो एवढा हौसेनं...’

‘मा.’ सिमोन पहिल्यांदाच वळली आणि तिने आरशाविना तिच्याकडे पाहिलं. ‘तू सांगितलं नाहीस तर गाडीत मी सांगेन. आणि मला गाडीत रडायचं नाहीये.’

लामाँटने गाडी धुतली होती. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि गळ्यात चक्क टाय. हातात पीचची पिशवी. ‘माझा फोटो नाहीये, माहितेय मला,’ तो रोशेलला बघून म्हणाला, ‘पण म्हटलं, पोरीला तिथं कोणी विचारलं, हा कोण, तर तिला लाज वाटायला नको. कशी आहेस, शेल? दमलेली दिसतेस.’

‘बस जरा,’ ती म्हणाली. ती इमारतीच्या पुढच्या पायरीवर बसली होती. दगड उन्हाने तापला होता. तो शेजारी बसला, पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून. समोरच्या घरासमोर कोणी नळीने गवताला पाणी घालत होतं. ‘त्या दिवशी ती पडली नव्हती,’ रोशेल म्हणाली.

‘कुठल्या दिवशी?’ त्याने विचारलं, पण विचारताना त्याचा आवाजच बदलला. त्या दोघांमध्ये दिवस एकच होता.

तिने दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यापेक्षा कमी शब्द लागले. तो ऐकताना त्या नळीच्या पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, ‘पण मी झोपलो होतो.’

‘झोपला होतास. सिमोन उठवत होती, तू उठला नाहीस. तेवढं खरं आहे.’

‘म्हणजे ती ओरडली तेव्हा...’

‘तू सोफ्यावर होतास. कंगवा माझ्या हातात होता.’

‘मी ते स्वप्नात बघतो,’ लामाँट म्हणाला. ‘ती पडताना. मला दिसतं ती कशी पडते ते. लाल चड्डी असते तिची. रेडिएटरवर आधी हात टेकते, मग गाल.’ तो तिच्याकडे वळला. ‘मला दिसतं, शेल. मग ते कुठनं आलं?’

रोशेलने हात पुढे केला, त्याच्या गुडघ्यावर ठेवायला. तो बाजूला सरकला नाही, पण त्याने तो हात असा पाहिला की तिने तो परत घेतला.

‘आईला माहीत होतं?’

‘नाही.’

‘ती गेली तेव्हा मी तिची माफी मागितली होती. कानात. नर्स म्हणाली, अजून ऐकू जात असेल.’ त्याने टायची गाठ सैल केली आणि पुन्हा घट्ट केली. नळी बंद झाली. ‘डेनिसला आता दोन मुली आहेत. मागच्या महिन्यात दुकानात भेटली. सामानाच्या ढकलगाडीत बसवलं होतं दोघींना. मोठीनं माझ्याकडे बघून हात केला. मी दोन पावलं मागे सरलो. डेनिसनं ते बघितलं.’ रोशेलला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडावं, असं तिला मनापासून वाटलं. इतकी वर्षं ती त्याच्या ओरडण्याची वाट बघत होती, आणि ओरडल्यावर आपल्याला झोप लागेल, नीट, गाढ, असंही काहीतरी तिच्या थकलेल्या डोक्यात होतं, आणि ते आपल्या डोक्यात आहे याची तिला तिथेच शिसारी आली. पण तो ओरडला नाही. वर जिन्यात सिमोनच्या चपलांचा आवाज आला. तो उठला, दारातून येणाऱ्या भाचीच्या हातातले हँगर त्याने घेतले आणि विचारलं, ‘वेळ किती झाला? वाटेत जहाजासाठी पूल वर उचललेला असला तर उशीर होतो.’ सिमोनने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या. ‘तूही चल,’ ती आईला म्हणाली, ‘फॉर्म पालकानेच द्यायचा असतो.’

रोशेल मागे बसली, मांडीवर ब्लाउज घेऊन. सिमोन पुढे मामाशेजारी. एका सिग्नलला लामाँटने सिमोनकडे न बघता विचारलं, ‘दुखायचं का फार?’ आणि सिमोन म्हणाली, ‘मला आठवत नाही, मामा. शपथ. पट्टीवर अस्वलाचं चित्र होतं, तेवढं आठवतं.’ ‘ते मी आणायचो,’ तो म्हणाला. ‘साध्या पट्टीला तू हात लावू द्यायची नाहीस.’ रोशेलने डोकं काचेला टेकवलं. काचेचं थरथरणं दातांत जाणवत होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. लोक सांगतात, सांगून टाकलं की ओझं उतरतं. तिला फक्त आणखी दमल्यासारखं वाटत होतं, जसं पाळी संपल्यावर कोणी म्हणावं, थांब, अजून एक खोली राहिलीय.

स्टुडिओ दातांच्या दवाखान्याला लागून होता. फोटो काढणाऱ्या कोवाचबाई ठेंगण्या, जाड भिंगांच्या, तोंडात पुदिन्याची गोळी. त्यांनी फॉर्म घेतला, खोडलेल्या ओळीवरून नजर फिरवली. सिमोनला स्टुलावर बसवलं, काळं मखमली कापड गुंडाळलं, सिमोनने नाक मुरडलं. ‘दात काढून घ्यायला आलीयस का?’ कोवाचबाई म्हणाल्या. ‘ते दार शेजारचं. इथं जरा मोकळी बस.’ सिमोन हसली आणि क्लिक झालं. मग जांभळा ब्लाउज, मग आजीचा. प्रत्येक वेळी ती पडद्याआड जायची, बाहेर यायची, हनुवटी वर करायची, खाली करायची, आणि रोशेल भिंतीशी उभी राहून बघत होती की ह्या मुलीने खरंच रडणं पुढे ढकललं आहे, सांभाळून ठेवलं आहे, आणि ते कुठल्या दिवशी बाहेर येईल हे आता तिच्या हातात नाही.

‘शेवटचा एक घरच्यांबरोबर,’ कोवाचबाई म्हणाल्या. ‘हा मी सगळ्यांनाच काढून देते.’

‘मामा, ये,’ सिमोन म्हणाली.

‘मी?’ लामाँटने मागे पाहिलं, जणू मागे आणखी कोणी मामा उभा असेल. मग तो पुढे झाला, टाय सरळ करत, आणि स्टुलाच्या मागे उभा राहिला.

‘आई, तुम्हीपण या की,’ कोवाचबाई म्हणाल्या.

रोशेलचं पाऊल उचललं गेलं. सिमोन तिच्याकडेच बघत होती. रागाने नाही, फक्त पापण्या न हलवता. ‘नको,’ ती म्हणाली. ‘आम्ही दोघंच.’

कोवाचबाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. हजारो घरं त्यांच्यासमोर अशी उभी राहिली असतील. ‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘मग आई, मला जरा मदत करा. दोन माणसं झाली की उजवीकडून अंधार पडतो. हे धरा.’ त्यांनी भिंतीला टेकवलेली एक मोठी पांढरी फळी रोशेलच्या हातात दिली. ‘खिडकीचा उजेड त्यांच्यावर पडेल असं. थोडं तिरकं. हां.’

रोशेलने फळी धरली. उजेड भिंतीवर सरकला, पडद्यावर आला, मग त्या दोघांच्या चेहऱ्यांवर थांबला. लामाँटने डोळे किलकिले केले. त्याला हातांचं काय करावं कळत नव्हतं. एक पाठीमागे होता, दुसरा स्टुलापासून वीतभर दूर हवेतच. सिमोनने मागे न बघता वर हात नेला, त्याचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा आपल्या खांद्यावर ठेवला. तो तिथेच राहिला, आधी बोटं ताठ, मग हळूहळू नाही.

‘सुंदर,’ कोवाचबाई म्हणाल्या. ‘हलू नका. आई, थोडं वर. अजून. तुम्ही हलू नका बरं का, सगळा उजेड तुमच्याकडूनच येतोय.’

क्लिक झालं. रोशेलचे दंड भरून आले होते, सकाळपासून नाही, कित्येक वर्षांपासून भरून आल्यासारखे. कोणी खाली ठेवा म्हणालं नाही.

‘अजून एक घेऊ,’ कोवाचबाई म्हणाल्या, आणि तिने फळी आणखी वर उचलली.